कामगाराची करमाफी : कागदावरची आणि पदरातली



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली. त्यांतली पुष्कळशी मी मागल्या रांगेत बसून ऐकली आहेत. मी नववीतून शाळा सोडली. पुढे जे काही शिकलो ते गिरणीच्या फाटकाशी, वाचनालयाच्या बाकावर आणि सरकारी कचेऱ्यांच्या व्हरांड्यात. तेव्हा माझ्याकडून सुभाषितांची अपेक्षा ठेवू नका. मजजवळ आहेत ती पगारपत्रके आणि त्यांवरचे आकडे.

कमी उत्पन्नाच्या कामगारांना सरकारकडून मिळणाऱ्या करसवलती, हा विषय चालकांनी मला दिला. मी म्हटले, हा विषय एखाद्या करसल्लागाराला द्या. तेव्हा चालकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "सल्लागाराची फी ज्याला परवडते त्याला सवलती कळतातच. ज्याला परवडत नाही त्याच्या बाजूने बोला." हे म्हणणे मला पटले, म्हणून उभा राहिलो.

फेब्रुवारीचा पगार झाला की आमच्या युनियनच्या खोलीवर दरवर्षी एक प्रश्न येतो. यंदाही आला. विचारणारा औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे काम करणारा एक तरुण. म्हणाला, "भाऊ, महिना अठ्ठावीस दिवसांचा. हजेरी कमी, पगार कमी. मंग कापाई शंभर रुपयानं जास्त काऊन?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर देशाच्या घटनेपर्यंत जाते.

त्याच्या पगारातून जी रक्कम कापली होती तिचे नाव व्यवसाय कर. महाराष्ट्रात ज्या पुरुषाचा मासिक पगार १०,००० रुपयांच्या वर आहे त्याचे अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात. वर्षाची बेरीज होते २,५००. ही बेरीज कुणा कारकुनाच्या डोक्यातून निघालेली नाही. राज्यांनी धंद्यावर आणि नोकरीवर कर बसवावा, परंतु एका माणसाकडून वर्षाला अमुक रकमेहून अधिक घेऊ नये, असे घटनेच्या २७६ व्या कलमात लिहिले आहे. १९५० साली ही मर्यादा २५० रुपये होती. १९८८ साली घटनादुरुस्ती होऊन ती २,५०० झाली. आता २०० ला बाराने गुणा, २,४०० होतात. मर्यादेपर्यंत पोहोचावयास १०० कमी पडतात. ते १०० सरकार फेब्रुवारीत घेते. सबंध वर्षातला सर्वांत लहान महिना, आणि कपात सर्वांत मोठी!

हे उत्तर ऐकून तो पोरगा हसला. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो अधिक अवघड होता. "हा पैसा जाते कुठं?"

या प्रश्नाचे उत्तर देताना मला नेहमी थोडा अभिमान वाटतो, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. महाराष्ट्राचा व्यवसाय कराचा कायदा १९७५ सालचा. त्याआधीची वर्षे भीषण दुष्काळाची होती. माणसे खडी फोडून जगत होती. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. जो अंगमेहनत करावयास तयार आहे त्याला काम मिळालेच पाहिजे, ही कल्पना त्यांनी धरून ठेवली, आणि तिच्यातून रोजगार हमी योजना जन्माला आली. पण कामाची हमी द्यावयाची तर पैसा हवा. तो कोठून आणावयाचा? शहरांत ज्यांना दरमहा बांधलेला पगार आहे त्यांनी थोडा द्यावा, म्हणजे गावात ज्याच्या हाताला काम नाही त्याला ते देता येईल, असा मार्ग काढला गेला. व्यवसाय कर हा त्या योजनेसाठीच बसविला गेला. कराच्या जमेइतकीच भर राज्य सरकारने घालावी, असेही पुढे कायद्याने ठरले. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. सबंध देशासाठी केंद्राने रोजगार हमीचा कायदा केला तो २००५ साली. म्हणजे महाराष्ट्राने ही वाट पाव शतकाहून अधिक काळ आधी चालून दाखविली होती.

तेव्हा हा कर वाईट आहे असे म्हणावयास मी उभा नाही. गिरणीतल्या माणसाने दिलेल्या पैशातून वावरातल्या माणसाला काम मिळावे, यासारखी चांगली गोष्ट कोणती? आपल्या जिल्ह्यात तर गिरणीतला आणि वावरातला हे बहुधा एकाच घरातले दोघे भाऊ असतात. माझी तक्रार करावर नाही, करमाफीवर आहे. ज्याच्याकडून घ्यावयाचे त्याच्याकडून जरूर घ्या. पण ज्याला माफ केले आहे, त्याला ते माफ आहे हे कळू तरी द्या.

आता माफी कोणाला आहे ते पाहू. पुरुष कामगाराला महिना ७,५०० रुपयांपर्यंत कर नाही. ७,५०१ ते १०,००० पर्यंत महिना १७५ रुपये. त्यावर सर्वांना सारखा. सारखा म्हणजे किती सारखा, तेही ऐका. महिना १२,००० मिळविणारा मदतनीस वर्षाला २,५०० देतो आणि महिना एक लाख मिळविणारा अधिकारीही २,५०० देतो. मदतनिसाच्या वर्षाच्या कमाईत हे शंभराला पावणेदोन रुपये पडतात. अधिकाऱ्याच्या कमाईत शंभराला वीस-एकवीस पैसे. हलक्या खांद्यावर आठपट भार. अधिकाऱ्याकडून अधिक घ्यावे म्हटले तर घटनेची मर्यादा आडवी येते. पण मदतनिसाकडून कमी घेण्यास घटना कोठेही आड येत नाही.

आणि ही ७,५०० ची माफी तरी कोणापर्यंत पोहोचते? महिनाभर पूर्ण हजेरी भरणाऱ्या आणि सरकारी किमान वेतन मिळणाऱ्या कारखान्यातल्या माणसाची मजुरी आज बहुधा या आकड्याच्या बरीच वर जाते. मग या माफीत बसतो कोण? ज्याची हजेरी बुडाली तो, नाहीतर ज्याला किमान वेतनसुद्धा मिळत नाही तो. म्हणजे अन्याय सोसणाऱ्याला माफी आणि कायद्याप्रमाणे मजुरी मागून घेणाऱ्याला कर, असा हा विचित्र न्याय झाला आहे.

बायकांच्या बाबतीत मात्र राज्याने चांगले पाऊल टाकले. १ एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला व्यवसाय कर माफ झाला. पूर्वी ही मर्यादा १०,००० होती. वर्षाचे २,५०० रुपये म्हणजे पोरांच्या वह्यापुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च. सवलत खरी आहे, पण ती पदरात कशी पडते याची एक हकीकत सांगतो. ठेकेदाराचे नाव सांगत नाही. नावाशी आपल्याला कर्तव्य नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास सफाईकाम करणाऱ्या चौदा बायका आमच्या खोलीवर आल्या. काम निराळे होते, बोनसचे. मी सवयीने पगारपत्रके मागून घेतली. पाहतो तो प्रत्येकीच्या पत्रकावर २०० रुपये व्यवसाय कर. एप्रिलपासून प्रत्येक महिन्याला. मी विचारले, "बाई, हे कशाचे कापले?" एक म्हणाली, "सरकारचं असन जी." गरीब माणसाच्या तोंडचे हे वाक्य मी तीस वर्षे ऐकतो आहे. जे कळत नाही ते सरकारचे असते, आणि सरकारचे असते म्हणून विचारावयाचे नसते.

आम्ही ठेकेदाराकडे गेलो. त्याचा माणूस म्हणाला, "संगणकात तसेच आहे." मी म्हटले, "संगणकात असू द्या. सरकारात भरल्याचे चलन दाखवा." चलन निघाले नाही. निघणार कोठून? जो कर सरकारने मागितलाच नव्हता तो भरावयाचा कोणाच्या खाती? सात महिन्यांचे प्रत्येकीचे १,४०० रुपये, चौदाजणींचे १९,६०० रुपये, दिवाळीच्या आठवड्यात परत मिळाले. भांडण झाले नाही, मोर्चा निघाला नाही. एक कागद मागितला, एवढेच. पण तो मागावा हे कळावयास सात महिने लागले, आणि कळले तेही योगायोगाने.

तेव्हा माझ्या भगिनींना माझे सांगणे आहे. पगाराची पावती घेतल्याशिवाय पगार घेऊ नका. पावतीवर व्यवसाय कराची ओळ असेल आणि पगार २५,००० पर्यंत असेल, तर ती ओळ चुकीची आहे. आणि बांधवांनो, बायकांना माफी मिळाली म्हणून कुरकुर करू नका. फाटकावर मला कितीतरी जण विचारतात, "बायकाईले माफ, मंग आमाले काऊन नाई?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर बायकांची माफी काढण्यात नाही. शेजारच्या कर्नाटक राज्याने २०२३ पासूनच स्त्रीपुरुष असा भेद न करता २५,००० पर्यंतचे पगार या करातून मोकळे केले. जे तिकडे जमले ते महाराष्ट्राला जमू नये असे काही नाही. हा आकडा पुरुषांनाही लागू करा, अशी मागणी आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे.

माफीची आणखी काही खाती कायद्यात आहेत, ती फारशी कोणाला ठाऊक नसतात. ६५ वर्षांवरील माणसाला हा कर नाही. चाळीस टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व असलेल्याला नाही. ज्यांचे मूल बौद्धिकदृष्ट्या अपंग आहे त्या आईबापांना, पालकांना नाही. आणि कापड धंद्यातल्या बदली कामगाराला नाही.

या बदली कामगाराविषयी दोन शब्द बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही, कारण मी स्वतः बदली होतो. आपल्या जिल्ह्यातले हिंगणघाट आणि पुलगाव हे कापसाचे आणि गिरण्यांचे गाव. गिरणीच्या फाटकाशी पहाटे उभे राहावयाचे. कायम कामगारांपैकी कोणी आला नाही तर जॉबर बोट दाखवी, आणि ज्याच्याकडे बोट जाईल त्याला पाळी मिळे. इतरांनी भाकरीचे फडके तसेच घेऊन घरी परतावयाचे. महिन्यात कधी वीस पाळ्या, कधी सहा. ज्याला उद्याची पाळी ठाऊक नाही त्याच्याकडून महिन्याचा ठराविक कर घेऊ नये, एवढी माणुसकी कायद्यात आहे. पण आता गंमत पाहा. गिरण्यांचे भोंगे थंडावले, आणि बदलीची ती अनिश्चितता मात्र इतर सर्व धंद्यांत पसरली. दीपावलीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबणाऱ्या जिनिंगमधला कामगार काय, ठेकेदाराकडचा रोजंदार काय, हे सारे बदलीच. कायद्यातला शब्द मात्र कापड धंद्यापुरताच राहिला.

आता प्राप्तिकराकडे, म्हणजे इन्कमटॅक्सकडे वळू. हा कर आपल्या देशात इंग्रज सरकारने १८६० साली बसविला. सत्तावनच्या युद्धाने तिजोरी रिकामी झाली होती, म्हणून जेम्स विल्सन नावाचा अर्थमंत्री विलायतेहून आणविला. त्यानेसुद्धा वर्षाला २०० रुपयांच्या आतील उत्पन्नाला हात लावला नव्हता. गरिबाच्या पोटापुरत्या कमाईवर कर नको, हे तत्त्व इतके जुने आहे.

२०२५ च्या अंदाजपत्रकात, नव्या पद्धतीने कर भरणाऱ्यास वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर द्यावा लागणार नाही, अशी तरतूद झाली. पगारदाराला ७५,००० ची ठरावीक वजावट आणखी. वर्तमानपत्रांनी मोठे मथळे दिले. दुसऱ्या दिवशी फाटकावर पेढे वाटावेत अशी चर्चा! मी एकाला विचारले, "तुझा पगार किती?" म्हणाला, "पंधरा हजार." म्हणजे वर्षाचे १,८०,०००. मी म्हटले, "अरे, तू कालही प्राप्तिकर देत नव्हतास, आजही देत नाहीस. तुला मिळाले काय?" तो विचारात पडला. प्राप्तिकराची सवलत प्राप्तिकर देणाऱ्यालाच मिळते. जो त्या उंबऱ्यापर्यंत पोहोचतच नाही त्याच्यासाठी उंबरा कितीही उंच केला तरी त्याच्या घरात काही येत नाही.

पण एका बाबतीत हा कर आमच्या माणसालाही शिवतो, आणि तेथेच त्याचा पैसा अडकून पडतो. कर लागू नसताना तो आधीच कापून घेतला जातो. ही मूळस्रोतातली कपात. ती मागून परत मिळते, पण मागितली तरच.

पहिला प्रकार कंत्राटी मोबदल्याचा. पुष्कळ ठिकाणी माणसाला मजूर न म्हणता कंत्राटदार म्हणून कागदावर लिहितात. गाडी चालविणारा, यंत्र दुरुस्त करणारा, नगावर शिवणकाम करणारा, यांना एका वेळी ३०,००० च्या वर किंवा वर्षात एक लाखाच्या वर रक्कम दिली गेली, की शेकडा एक रुपया कापला जातो. पॅनकार्ड दिले नसेल तर शेकडा वीस! वर्षअखेरीस एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर हा सारा पैसा त्याचाच आहे. पण रिटर्न भरल्याशिवाय तो परत येत नाही.

दुसरा प्रकार भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे आपल्या फंडाचा. पाच वर्षांची सलग नोकरी होण्याआधी फंड काढला आणि रक्कम ५०,००० किंवा अधिक असली, तर शेकडा दहा कर कापतात. आमचा एक कामगार एकाच कारखान्याच्या एकाच फाटकातून सहा वर्षे आत गेला. यंत्र तेच, टोपी तीच, डबा खावयाचे झाड तेच. पण ठेकेदार तीन बदलले, आणि प्रत्येकाने त्याचे फंडाचे निराळे खाते उघडले. त्याने काम सोडून शेवटच्या खात्याचे ६४,००० मागितले तेव्हा कागदावर त्याची नोकरी तीन वर्षांची. ६,४०० रुपये कापले गेले. मुलीच्या लग्नासाठी काढलेला पैसा होता तो.

तिन्ही खाती वेळीच एका क्रमांकाखाली आणून मागची शिल्लक पुढच्या खात्यात वळती केली असती, तर सहा वर्षांची सलग नोकरी धरली गेली असती आणि एक पैसा कापला गेला नसता. त्यासाठीच २०१४ पासून प्रत्येक सभासदाला कायमचा एक क्रमांक मिळतो. तेही नाही, तर फंड मागताना 'माझे उत्पन्न करपात्र नाही' अशी स्वयंघोषणा द्यावयाची होती. ती द्यावी हे त्याला कोणी सांगितले नाही. शेवटी आम्ही त्याचे रिटर्न भरले आणि काही महिन्यांनी ६,४०० त्याच्या खात्यावर जमा झाले. तो बँकेचे पुस्तक घेऊन दाखवावयास आला. म्हणाला, "भाऊ, सरकार परतबी देते?" मी म्हटले, "देते. पण दार वाजवावे लागते." आणखी एक लक्षात ठेवा. कारखाना बंद पडल्यामुळे, आजारपणामुळे किंवा कामगाराच्या हाताबाहेरच्या कारणाने नोकरी सुटली असेल, तर पाच वर्षांची अट आड येत नाही. गिरण्या बंद पडलेल्या गावांत ही गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक असावयास हवी.

येथे एक इशारा देतो. रिटर्न भरून देतो म्हणणारे दलाल आता गल्लोगल्ली झाले आहेत. त्यांतले काही खोट्या वजावटी दाखवून मोठी रक्कम मागवितात आणि त्यात आपला वाटा ठेवतात. पुढे नोटीस येते ती दलालाला नव्हे, कामगाराला. आपले आहे तेवढेच मागा. एक रुपया कमी नको, एक रुपया जास्तही नको. पॅनकार्डाची प्रत वाटेल त्याच्या हाती देऊ नका. आणि रिटर्न भरल्यावर ते तीस दिवसांत पडताळून पक्के करा, नाहीतर ते भरले न भरले सारखेच.

आता शेवटचा आणि सर्वांत मोठा कर. तो पगारपत्रकावर दिसत नाही, दुकानात दिसतो. आमचा माणूस प्राप्तिकर देत नाही म्हणून तो कर देत नाही, असे पुष्कळ शिकलेली माणसे म्हणतात. हे ऐकले की मला राग येतो. तो साबण विकत घेतो, चप्पल विकत घेतो, फोनचे रिचार्ज करतो, आणि प्रत्येक वेळी वस्तू व सेवा कर देतो. साबणाच्या वडीवर जिल्हाधिकाऱ्याला जेवढा कर तेवढाच झाडूवाल्याला.

वर्धेकरांना ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज नसावी. १९३० साली गांधीजींनी मिठाच्या करावर बोट ठेवले ते याचसाठी. दांडीला निघण्यापूर्वी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात त्यांनी व्हाइसरॉयचा महिना २१,००० रुपये पगार आणि गरीब हिंदी माणसाची दिवसाची दोन आण्यांच्या आतली कमाई शेजारी शेजारी मांडली होती. मीठ राजालाही तेवढेच लागते आणि रंकालाही. उलट उन्हात राबणाऱ्याला थोडे अधिकच लागते. स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असे म्हणून ते निघाले, आणि १९३६ साली आपल्या शेजारच्या शेगावात येऊन राहिले. तेच आजचे सेवाग्राम. म्हणजे सेवाग्रामच्या वाटेवर पहिला मुक्काम मिठाच्या कराचा आहे, हे आपण विसरू नये.

या बाजूला काही सुधारणा झाली हे मान्य केले पाहिजे. मिठावर आज कर नाही. सुट्या धान्यावर नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, डोक्याचे तेल यांवरचा कर शेकडा १८ वरून ५ वर आला. सायकलीवरचा १२ वरून ५ वर आला. माझ्या मते १२ लाखांच्या माफीपेक्षा आमच्या माणसाला ही सवलत अधिक जवळची. मात्र तीही दुकानदाराने भाव उतरविला तरच पदरात पडते.

अमेरिकेत याहून निराळी वाट काढली गेली. आपल्याकडे व्यवसाय कर आला त्याच १९७५ साली तेथे एक कायदा झाला. ज्या मुलाबाळांच्या गरीब माणसाने वर्षभर काम केले, त्याच्या मजुरीच्या प्रमाणात सरकारने त्यालाच काही रक्कम द्यावयाची. त्याचा प्राप्तिकर शून्य असला तरी द्यावयाची. आरंभी ती जास्तीत जास्त ४०० डॉलर होती. काम करणाऱ्याने इतर करांत जे दिले ते काही अंशी त्याला परत करावे, हा विचार तिच्यामागे होता. तो इकडे जसाच्या तसा आणता येईल असे मी म्हणत नाही. पण एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. इतकी वर्षे झाली, तरी तेथेही हक्कदारांपैकी पाचातला सुमारे एक जण ती रक्कम मागतच नाही. तेव्हा सवलत आणि माणूस यांच्यामधले अंतर हा केवळ आपला रोग नव्हे. पण औषध आपल्यालाच केले पाहिजे.

ते औषध मागावयास मी येथे आलो आहे. आपणांपैकी कोणी शिक्षक आहात, कोणी बँकेत होता, कोणी दुकानाच्या वह्या लिहिता. महिन्यातून एक रविवार, दोन तास, आमच्या खोलीवर या. पगारपत्रक वाचून दाखवा. फंडाची खाती एक झाली की नाहीत ते पाहा. जुलैच्या आत एखाद्याचे रिटर्न भरून द्या. ज्यांच्या घरी, दुकानात, कारखान्यात माणसे कामाला आहेत त्यांनी आपल्याच वह्या एकदा तपासाव्यात, माफी असलेल्या कोणाचे पैसे कापले जात नाहीत ना हे पाहावे.

आणि हे सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही प्रामाणिकपणे सांगून मी रजा घेतो.

आमच्या युनियनमध्ये एक चौकीदार काका होते. त्यांची मुलगी जन्मापासून बौद्धिकदृष्ट्या अपंग. तिला ते कधी कधी सभेला घेऊन येत. ती माझ्या खुर्चीशेजारी बसून असे. मघाशी माफीची जी खाती सांगितली त्यांत अशा मुलांच्या आईबापांचे नाव आहे. पण ते वाक्य मी फार उशिरा, एका संध्याकाळी, दुसऱ्याच कामासाठी कायद्याचे पुस्तक उघडले तेव्हा वाचले. तोवर काकांच्या पगारातून नऊ वर्षे व्यवसाय कर कापला गेला होता. २२,५०० रुपये. मालकाने काही लपविले नव्हते. काकांनी दाखला कधी दिला नव्हता, कारण तो द्यावा हे त्यांना ठाऊक नव्हते. ते ठाऊक करून देणे हे माझे काम होते. दाखला दिल्यावर पुढची कपात थांबली. मागचे काही मिळाले नाही.

मी त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. ते रागावले नाहीत. पोरीच्या केसांवरून हात फिरवीत म्हणाले, "भाऊ, तुमी पुस्तकं वाचता, तुमालेच मालूम नव्हतं. मले कुठून असन?"

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. कायदा करणाऱ्यांनी त्या बापाचा विचार केला होता. मुंबईत बसून कोणीतरी त्या मुलीसाठी एक ओळ लिहिली होती. ती ओळ मुंबईहून वर्ध्याला यावयास नऊ वर्षे लागली, आणि ती माझ्या खुर्चीपाशी येऊन अडली होती. यापुढे ती कोणाच्या खुर्चीपाशी अडू नये, एवढ्यासाठी आपण सर्वांनी थोडे थोडे वाचावे आणि वाचलेले दुसऱ्याला सांगावे.